दुभंगलेल्या ओठासाठी नॅम प्लेट लावली, आमचा साडेचार महिन्यांचा अनुभव

माझ्या लेकीचा जन्मतः डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू असं सगळंच दुभंगलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी तिला नॅम प्लेट लावली, म्हणजे नेझो-अल्व्हिओलर मोल्डिंग. साध्या भाषेत सांगायचं तर टाळूला बसणारी, गालांवरच्या टेपने धरून ठेवलेली इवलीशी कवळी, जी हिरडीची फाकलेली दोन टोकं हळूहळू जवळ आणते आणि एका बाजूला बसलेलं नाक वर उचलते. आज ती नऊ महिन्यांची आहे, ओठाचं ऑपरेशन झालंय, टाळूचं बाकी आहे. प्लेट लावायच्या आधी मी मराठीत कुणा आईने लिहिलेलं काही मिळतंय का ते शोध शोध शोधलं, डॉक्टरांचे व्हिडिओ होते, पण रात्री दोन वाजता टेप सुटल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण ज्यांच्या मांडीवर असं बाळ आहे त्या पूर्ण वाचतील हे मला माहितीय.

आधी निकाल सांगून टाकते. ट्रीटमेंट चांगली आहे, आमच्या लेकीला फायदा झाला, परत वेळ आली तर परत करेन. पण दोन गोष्टी. एक, पहिल्या दोन आठवड्यांत गाठायला हवी, नंतर तेवढा उपयोग होत नाही. दुसरी, प्लेट डॉक्टर बनवतात पण काम ती घरात करते, तुमच्या हाताने लावलेल्या टेपवर. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना कुणाकडे मशीन भारी, कुणाची केबिन एसी ते बघू नका, आईला समोर बसवून हातात टेप देऊन शिकवतात का ते बघा. आमच्या अख्ख्या अनुभवात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आमचा पहिला आठवडा वाया जाता जाता राहिला. वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं, बाळाचा हात तोंडावर होता म्हणे, त्यामुळे सिझेरियन झाल्यावर सिस्टरने बाळ दाखवलं तेव्हाच आम्हाला कळलं. आणि ज्या मॅटर्निटी होममध्ये डिलिव्हरी झाली तिथे सांगितलं की काही नाही हो, तीन महिन्यांनी ऑपरेशन करून घ्या, तोवर चमच्याने पाजा. बस, एवढंच. तीन महिने थांबलो असतो तर प्लेटचा विषयच संपला असता. माझी चुलत नणंद एका डेंटिस्टकडे असिस्टंट आहे, ती पाचव्या दिवशी बाळाला बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, वहिनी, उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलच्या डेंटल ओपीडीत जायचं, थांबायचं नाही. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

एवढी घाई का ते मला त्या डेंटल ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं आणि ते मला इतकं पटलं की इथे सांगतेच. बाळ पोटात असताना आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन त्याच्या अंगात जातं, त्यामुळे जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्याची कुर्चा, म्हणजे नाकाकानाचं मऊ हाड, मेणासारखी असते. जसजसं ते इस्ट्रोजेन उतरतं तसतशी कुर्चा घट्ट होत जाते आणि मग दाबली तरी परत मूळ जागी येते. जपानमध्ये मात्सुओ नावाच्या डॉक्टरांनी आधी नवजात बाळांचे वाकडे कान असे साच्यात ठेवून सरळ केले होते, तोच विचार पुढे नाकाला लावला. टाळूला प्लेट लावून हिरडी सरकवायची युक्ती त्याहून जुनी, १९५० मध्ये स्कॉटलंडच्या मॅकनील यांची. आणि हिरडी आणि नाक दोन्ही एकाच प्लेटने करायचं हे न्यूयॉर्कच्या ग्रेसन आणि कटिंग या डॉक्टरांनी १९९३ मध्ये मांडलं, आज जी नॅम म्हणून करतात ती हीच.

हे ऐकताना मला आमच्या अंघोळ घालणाऱ्या मावशी आठवल्या. आपल्याकडे बाळाचं नाक तेलाच्या बोटांनी वर ओढतात, डोकं गोल व्हावं म्हणून हलकं दाबतात, कान चपटे बसावेत म्हणून चोळतात, ते आपण लहानपणापासून बघत आलोय. बाळाचं अंग पहिल्या महिन्यात वळवावं तसं वळतं हे आपल्या आज्यांना माहीतच होतं की. पण म्हणून मावशींच्या हातून नाक ओढून घेऊ नका, मी मॅडमना विचारलं होतं, त्या स्पष्ट नाही म्हणाल्या. दुभंगलेल्या बाजूला नाकाला खालून आधारच नसतो, बोटाने ओढलं तर फक्त दुखतं, आणि नाक उचलायच्या आधी हिरडी जवळ यावी लागते.

आता मापाचा दिवस. लेक बारा दिवसांची होती. सकाळी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दूध पाजून दोन-अडीच तास झालेले, म्हणजे पोट रिकामं आणि बाळ भुकेने आधीच रडकुंडीला. मी टाक्यांमुळे नीट बसू शकत नव्हते, ह्यांना आत बोलावलं तर हे दरवाजातच थबकले, शेवटी माझी आईच आत आली. एका डॉक्टरांनी बाळाला हातावर पालथं धरलं, तोंड खाली, म्हणजे काही घशात जायला नको, दुसऱ्या मॅडमनी पुटीचा, म्हणजे माप घ्यायच्या मऊ मसाल्याचा, गोळा इवल्याशा ट्रेमध्ये घेऊन टाळूला दाबला. लेक किंचाळत होती आणि मी तिच्यासोबत रडत होते. मॅडम वर न बघता म्हणाल्या, "रडू द्या तिला, रडतेय म्हणजे श्वास मोकळा आहे, गप्प झाली तर मला काळजी." सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ ओढून घेणारी नळी, बाजूला चालू होतं, ऑक्सिजन लावलेला होता. मिनिटभरात माप बाहेर. मग मॅडमनी बोट घालून सगळीकडून तपासलं की पुटीचा तुकडा आत कुठे राहिला नाही ना. त्या मापात मी पहिल्यांदा माझ्या मुलीची टाळू नीट बघितली, मधोमध एवढी मोठी फट, स्केल लावून मोजली तर हिरडीच्या टोकांमध्ये ११ मिलिमीटर. माप कधीही हॉस्पिटलमध्येच घ्यायला द्या, जिथे श्वास अडकला तर लगेच धावून येणारे लोक आहेत. आम्हाला उपनगरातल्या एका छोट्या क्लिनिकने "इथेच करून देतो, पॅकेज आहे" असं सांगितलं होतं, तिथे सक्शनसुद्धा दिसलं नाही, आम्ही उठून आलो.

तीन दिवसांनी प्लेट आली. पारदर्शक गुलाबीसर, जेमतेम शिंपलीएवढी, अ‍ॅक्रेलिकची, पुढे एक छोटी दांडी खाली झुकलेली, तिला ते बटण म्हणतात, रबर अडकवायला. मध्ये एक भोक. भोक कशाला विचारलं तर म्हणाल्या, प्लेट चुकून सुटून जिभेवर मागे सरकली तरी त्यातून हवा जायला हवी. या एका वाक्याने मी पहिले चार दिवस झोपले नाही. पण खरं सांगते, साडेचार महिन्यांत प्लेट सुटली अनेकदा, घशाकडे एकदाही गेली नाही, रबर गालाला धरून ठेवतात ना.

आता टेपिंग, नीट वाचा. आधी दोन्ही गालांवर ड्युओडर्मसारखा जाड जेलचा तुकडा चिकटवायचा, तो एकदा लावला की तीन-चार दिवस तसाच राहू द्यायचा, म्हणजे रोजची टेप त्या तुकड्यावरून निघते आणि कातडी वाचते. मग दातांना तारा लावणारे ऑर्थोवाले वापरतात ते लाल रबर, पाव इंचाचे. स्टेरी-स्ट्रिप, म्हणजे जखमेवर लावतात ती अरुंद चिकटपट्टी, त्या रबरमधून ओवून टोक दुमडून चिकटवायचं, म्हणजे पट्टीला रबराची कडी झाली. रबर प्लेटच्या बटणात अडकवायचं आणि पट्टी गालाकडे ओढून चिकटवायची. किती ओढायची? रबर दुप्पट लांब होईल इतकी. यातच सगळी गोम आहे. कमी ओढली तर प्लेट सैल, नुसती लोंबते, जास्त ओढली तर हिरडीला जखम. मॅडमनी माझ्याकडून चार वेळा करून घेतलं, मी लावायचे, त्या काढायच्या, परत लावा. पाचव्यांदा म्हणाल्या, आता बरोबर. त्याशिवाय ओठावरून एक वेगळी पट्टी, फाटलेले दोन्ही भाग एकमेकांकडे खेचणारी, ती आधी चांगल्या बाजूला चिकटवायची, ओठ बोटांनी जवळ आणायचा आणि मग दुसऱ्या बाजूला. प्लेट दिवसरात्र तोंडात, फक्त दिवसातून एकदा काढून धुवायची, कोमट पाण्याने मऊ ब्रशने, उकळत्या पाण्यात अजिबात घालायची नाही, वाकडी होते.

मला सकाळी एकटीला हे जमायचं नाही. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, सासूबाई डोकं धरणार, मी टेप लावणार. त्यात टेप कापत बसायचं म्हणजे तोवर लेक लाल होऊन घामाने गाल ओले. यावर उपाय मला ओपीडीत जव्हारकडून येणाऱ्या एका बाईने सांगितला. तिचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा दीड महिन्याने मोठा, दोन्ही बाजूंनी दुभंगलेला. ती म्हणाली, "ताई, तू रातच्यालाच पट्ट्या कापून ताटाच्या पाठीला चिटकवून ठेव, रबर ओवून. सकाळला नुसतं काढायचं नि लावायचं." स्टीलच्या ताटाची मागची बाजू. मी घरी येऊन केलं आणि पंधरा मिनिटांचं काम चार मिनिटांवर आलं. एवढे शिकलेले लोक भोवती होते, पण हे कुणाला सुचलं नव्हतं. तिला तिच्या गावच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीवाल्या डॉक्टरांनी बघून पाठवलं होतं. ही योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली, जन्मतः असलेले दोष त्यात येतात, दुभंगलेला ओठ-टाळू पण. ज्यांना हॉस्पिटलचे खर्च झेपत नाहीत त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात या नावाने विचारा. आणि स्माइल ट्रेन म्हणून संस्था आहे, त्यांच्याशी जोडलेल्या हॉस्पिटलांमध्ये ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन फुकट होतं, खरंच फुकट, मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचा काळ नेमका जून ते ऑक्टोबर. मुंबईचा पावसाळा आणि टेप यांचं वैर आहे. हवा ओली, बाळाच्या तोंडाला सतत लाळ, दूध ओघळतं, आणि पट्टी सकाळी लावली की दुपारी कोपरे उचलायला लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत तर मला वाटायचं माझ्याच हातात काही दोष आहे. मग शोध लागला की मावशी अंघोळीच्या वेळी गालांना खोबरेल तेल लावत होत्या, आणि मी त्यावर टेप चिकटवत होते. तेलावर कुठली टेप टिकते? मावशींना सांगितलं, गाल आणि ओठ सोडून बाकी सगळं अंग चोळा. त्या आधी नाराज झाल्या, बाळाच्या तोंडाला तेल नाही म्हणजे काय, मग एकदा मी त्यांना टेप लावताना बसवून दाखवलं, तेव्हापासून त्याच मला आठवण करायच्या की बाई गाल कोरडे केलेस का. जुनी टेप काढायला मात्र तेल चालतं, कापूस बुडवून पाच मिनिटं ठेवायचा, ओढून काढायची नाही, आणि मग साबणाच्या पाण्याने गाल स्वच्छ पुसून सुकू द्यायचा. धुरी पण बंद केली आम्ही, डॉक्टरांनीच सांगितलं, बाळाच्या खोलीत धूर नको. एवढं करूनही प्लेट सुटत असेल तर कवळी बसवायला लावतात ती पेस्ट मुगाएवढी प्लेटच्या आतून लावायची, हे पण मॅडमनीच सांगितलं, स्वतःहून लावू नका.

आता तक्रारी. मी नाव देत नाहीये कारण मला कुणाला बदनाम करायचं नाही, आणि त्यांनी माझ्या मुलीचं चांगलंच केलंय, पण जे खुपलं ते खुपलं. दर आठवड्याला जावं लागतं. भांडुपहून दादर, लेडीज डब्यात बाळ घेऊन, मग टॅक्सी, मग ओपीडीत नंबर. सकाळी नऊला पोहोचलं तरी कधी बारा वाजायचे, आणि दूध पाजायला वेगळी जागा नाही. माझ्यासारख्या सिझेरियनच्या बायका कठड्यावर बसून वाटी-चमच्याने पाजतात. एक साधी खोली, पडदा, दोन खुर्च्या, एवढं करायला काय हरकत आहे? दुसरी तक्रार मोठी आहे. शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात. जुलैमध्ये आमच्या मॅडम सुट्टीवर होत्या तेव्हा एका नवीन डॉक्टरांनी प्लेट अ‍ॅडजस्ट केली आणि एका वेळी जास्त घासली-भरली. घरी आल्यावर रात्रभर रडली, सकाळी प्लेट काढली तर हिरडीवर लालभडक चट्टा आणि मध्ये पांढरा ठिपका. मी सरळ फोन केला, त्यांनी प्लेट काढून ठेवायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं. तीन दिवस प्लेट बंद, आणि तीन दिवसांत प्लेट घट्ट व्हायला लागते कारण हिरडी परत सरकते. दर वेळी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर एवढाच बदल करायचा असतो, जिकडे हाड सरकायला हवं तिकडचं अ‍ॅक्रेलिक घासून जागा करायची आणि ज्या बाजूने ढकलायचं तिथे मऊ लायनर भरायचा. हे मला तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून मी दर भेटीला विचारायचे, आज किती घासलं? आणि अ‍ॅडजस्ट झाल्यावर अर्धा तास तिथेच बसून, बाळाला पाजून, प्लेट काढून हिरडी बघूनच निघायचे. तुम्ही पण असंच करा, कुणी घाई केली तरी उठू नका.

त्याच महिन्यात एकदा पाण्याने लोकल कुर्ल्याला बंद पडल्या, अपॉइंटमेंट चुकली, पुढची आठ दिवसांनी. पंधरा दिवसांचं अंतर पडलं. एखाद वेळेला चालतं म्हणाल्या, पण पावसाळ्यात बाळ झालेल्यांनी आधीच हॉस्पिटलशी बोलून ठेवा की पाणी भरलं तर दुसऱ्या दिवशी घ्याल ना. एक शंका असली की फोनवर फोटो पाठवून विचारायची सोय हवी, आम्हाला मॅडमनी स्वतःहून दिली होती, सगळीकडे देत नाहीत.

साडेसात आठवड्यांनी फट पाच मिलिमीटरच्या आत आली आणि मग नाकाचा स्टेंट बसवला. त्याआधी का नाही बसवत, तर फट मोठी असताना नाक उचललं तर नाकपुडी ताणून मोठी होते आणि मोठी झालेली नाकपुडी सर्जनला लहान करणं कठीण. स्टेंट म्हणजे प्लेटमधूनच निघणारी स्टीलची तार, हंसाच्या मानेसारखी वळलेली, आणि तिच्या टोकाला राजम्याच्या दाण्यासारखा मऊ गोळा, तो नाकपुडीत आत जातो. पहिल्या दिवशी ते बघून सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. मलाही बघवत नव्हतं. पण लेकीला दोन दिवसांत काही वाटेनासं झालं, तीच शिंकून तीच हसायची. मला शिकवलं होतं की नाकाची कड किंचित फिकट दिसली तर बरोबर, एकदम पांढरी पडली किंवा रक्त दिसलं तर काढून फोन करायचा. आणि इथे मात्र फरक डोळ्यांना दिसतो. हिरडीतला बदल आठवड्याला मिलिमीटरचा, तो मला कळायचाच नाही, पण नाक, तीन आठवड्यांत चपटी पडलेली डावी नाकपुडी उचलली गेली, मधली भिंत सरळ यायला लागली. मी दर रविवारी एकाच जागी, खिडकीजवळ, तिला उताणं ठेवून खालून नाकाचा फोटो काढायचे. तुम्ही पण काढा, वाईट दिवशी तेच फोटो बघून धीर येतो.

दूध पाजण्याबद्दल थोडंच लिहिते कारण तो वेगळाच विषय आहे. टाळू फाटलेली असली की बाळाला ओढता येत नाही, दूध नाकातून येतं, म्हणून छातीशी लावलं तरी पोट भरत नाही. मी पंपाने काढून द्यायचे. आईने चिपळूणहून चांदीचं बोंडलं आणलं होतं, माझंच लहानपणीचं, सुरुवातीला त्याचाच आधार, मग पिजनची टाळूवाल्या बाळांसाठीची बाटली मिळाली, तिच्या निपलची एक बाजू जाड, एक मऊ असते आणि आत दूध मागे जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो. बाळाला बसतं धरायचं, आडवं नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने ढेकर काढायची. प्लेट लावल्यावर फट झाकली जाते त्यामुळे नाकातून येणं बरंच कमी झालं, तिचा पाजण्याचा वेळ पाऊण तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर आला. माझ्यासाठी प्लेटचा पहिला फायदा हाच, नाक वगैरे नंतर. पहिल्या महिन्यात वजन वाढत नव्हतं ते वाढायला लागलं.

खर्च. प्लेट आणि भेटी ट्रस्टच्या हॉस्पिटलात असल्याने आम्हाला अगदी माफक पडल्या. खरा खर्च टेपचा, महिन्याला ड्युओडर्म, स्टेरी-स्ट्रिप, रबर धरून दोन ते अडीच हजार गेले, आणि येण्याजाण्याचे वेगळे, शिवाय ह्यांच्या रजा. दोन-तीन कंपन्यांच्या टेप करून बघितल्या, साधी मायक्रोपोर स्वस्त आहे पण पावसाळ्यात टिकतच नाही आणि रोज तीनदा बदलली की गाल सोलतात, म्हणजे स्वस्तात महाग.

लोकांचं पण सांगते. ग्रहण. प्रत्येकाने विचारलं, अगदी प्रत्येकाने, ग्रहणात काही चिरलंस का, सुई घेतलीस का, आडवी झोपली होतीस का. ट्रेनमध्ये अनोळखी बायका विचारायच्या. मलाही रात्री एकटी असताना आठवायचं की अमुक दिवशी मी भाजी चिरली होती. डॉक्टरांनी एकदा शांतपणे सांगितलं की ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. मला दिवस राहिलेत हे कळलं तेव्हा सहावा आठवडा संपत आला होता. म्हणजे मला कळेपर्यंत ओठ जुळायची वेळ जवळपास संपत आली होती. साधारण सातशे बाळांमागे एकाला हे होतं, काही औषधं, सिगारेट, डायबेटिस, घराण्यातली जनुकं अशी कारणं असू शकतात आणि बऱ्याचदा एक असं कारण सापडतच नाही. बायांनो, तुम्ही काही चिरलं म्हणून झालेलं नाही. कुणी विचारलं तर मी आता हेच उत्तर देते, आठवड्यांसकट, आणि समोरची गप्प बसते.

ऑपरेशन साडेचार महिन्यांनी झालं. सर्जन जुना दहाचा नियम सांगतात, दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा, तेवढं किमान हवं. आमचं प्लेटसाठी थांबलो म्हणून उशिरा झालं, तेव्हा वजन सव्वासहा किलो, फट तीन मिलिमीटरवर आलेली. ११ वरून ३. सर्जन म्हणाले ओठ न ताणता शिवता आला. नंतर हाताच्या कोपरांना पट्ट्या बांधायच्या म्हणजे बाळ टाक्यांना हात लावत नाही, आणि नाकपुड्यांत सिलिकॉनचे छोटे स्टेंट काही महिने, तेही परत टेपने. मला वाटलं होतं टेप संपली. पण आतापर्यंत हात इतका बसला होता की डोळे मिटून लावायचे.

एक गोष्ट लपवणार नाही. आमच्याच सर्जननी आधीच सांगितलं होतं की नॅमबद्दल जगभरच्या डॉक्टरांचं एकमत नाही, लवकरचा फायदा दिसतो, नाक चांगलं उचलतं, पण मूल मोठं झाल्यावर ते किती टिकतं यावर वाद आहेत, काही चांगली सेंटर्स प्लेट न लावताच सरळ ऑपरेशन करतात आणि त्यांचे रिझल्टही चांगले आहेत. त्यामुळे तुमचं घर दूर असेल, दर आठवड्याला येणं शक्य नसेल, घरात दुसरं कुणी मदतीला नसेल, तर प्लेट नाही लावली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. अर्धवट लावलेल्या प्लेटपेक्षा न लावलेली बरी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या ओपीडीत एकीने दीड महिन्यात सोडून दिली, तिची दोन मोठी मुलं घरी होती, नवरा शिफ्टला. ती रडत होती आणि मॅडम तिला म्हणाल्या, तू आई म्हणून कमी पडली नाहीस, आपण लवकरची तारीख घेऊ. मला त्या दिवशी त्या मॅडमबद्दल फार वाटलं.

मुंबईत असाल तर जवळच्या दंत महाविद्यालयात किंवा लहान मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन लहान मुलांच्या दातांचा विभाग किंवा ऑर्थोडोंटिक्स विचारा, मुंबई सेंट्रलला नायर आहे, फोर्टला सरकारी आहे, तिथे करत नसतील तर कुठे करतात ते तरी सांगतील. पहिल्याच भेटीत विचारायचं: वर्षाला किती बाळांना लावता, माप कुठे घेता, सुट्टीच्या दिवशी प्लेट टोचली तर फोन कुणाला करायचा, आणि सर्जन, डेंटिस्ट, स्पीचवाले हे एकमेकांशी बोलतात का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण ओठावर संपत नाही, टाळूचं ऑपरेशन, मग कान, कारण या बाळांच्या कानात पाणी साठून ऐकायला कमी येऊ शकतं, मग बोलणं, मग सात-आठ वर्षांनंतर हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन. लांबचा रस्ता आहे.

आणखी एक राहिलंच, बाळाची नखं. तीन महिन्यांची झाली की हात तोंडाकडे जातो आणि रबरात बोट अडकवून सगळं ओढून काढते. मोजे लावले तर मोजे चोखते. आम्ही शेवटी जुन्या मऊ धोतराच्या लांब बाह्यांची झबली शिवून घेतली, बाह्यांना पुढे नाडी.

टाळूचं ऑपरेशन दोन महिन्यांनी आहे, त्याआधी पुढच्या मंगळवारी कानाची टेस्ट. सध्या ती "बाबाबा" करायला बघते, पण टाळू उघडी असल्यामुळे हवा नाकातून जाते आणि ते "मामामा" होतं, आणि ह्यांना त्याचं थोडं वाईट वाटतं. कुणाला टेपिंगबद्दल काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, दुपारी ती झोपली की मी उत्तर देते. ज्यांचं बाळ अजून दोन आठवड्यांच्या आतलं आहे त्यांनी आधी ओपीडी गाठा, मला नंतर विचारा.